बंदरातला दिवा: तीन रात्रींच्या रोलप्ले प्रसंगाच्या नोंदी

आमचा गट डिस्कॉर्ड या चॅट अॅपवर लेखी रोलप्ले करतो. प्रत्येकाचं एक पात्र, सगळ्यांचं मिळून एक काल्पनिक बंदर, आणि रोजचं लहानमोठं लिखाण. वर्षातून दोनतीनदा सगळ्यांना एकत्र आणणारा मोठा प्रसंग रचायचा असतो. या खेपेला ते काम माझ्याकडे आणि आणखी दोन सूत्रधारांकडे होतं. असं काम पहिल्यांदा अंगावर घेणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून काम चालू असतानाच या नोंदी ठेवल्या. प्रत्येक नोंदीखाली त्या टप्प्यावर माझे किती तास गेले ते लिहिलं आहे. पैसे कुठेच लागले नाहीत, वेळ भरपूर गेला.

२ फेब्रुवारी

मागचा प्रसंग का पडला हे कळल्याशिवाय पुढचा रचायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं. म्हणून आज त्या रात्रीचं सगळं लिखाण उघडून एकेक मेसेज मोजला. तीन तासांत ४१२ मेसेज. त्यातले १८७ आम्हा सूत्रधारांचे. उरलेले २२५ बावीस खेळाडूंचे, म्हणजे तीन तासांत माणशी दहा. आणि ते दहा तरी कसले? ‘मागे सरकते.’ ‘चकित होऊन पाहतो.’ ‘तलवारीच्या मुठीवर हात ठेवतो.’ तलवार उपसायची वेळ आम्ही कुणावर येऊच दिली नव्हती. राजवाड्याला आग लागली, राणीने भाषण केलं, गद्दार उघडा पडला, सगळं आमच्याच लिखाणातून झालं.

तेव्हा आलेल्या अभिप्रायात एकीने लिहिलं होतं, ‘सुंदर होतं. नाटकाला पुढच्या रांगेत बसल्यासारखं वाटलं.’ तिने कौतुक म्हणून लिहिलं होतं. मला आज ते वाचून वाईट वाटलं, कारण ती नाटकाला आली नव्हती, खेळायला आली होती.

या वेळी शेवट लिहायचा नाही. आणि प्रत्येक जागा रचताना एकच प्रश्न विचारायचा: इथे आलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत काय करू शकतो?

वेळ: ४ तास.

६ फेब्रुवारी

ठरवलं एक आणि हातून झालं दुसरंच. तीन संध्याकाळी बसून मी बंदराचा चौदा पानी इतिहास लिहिला. कोणत्या घराण्याने धक्का बांधला, कोणत्या वादळात जुनं गाव वाहून गेलं, सगळं. दुसऱ्या सूत्रधाराने वाचून विचारलं, ‘हे खेळाडूला कळणार कुठे?’ उत्तर नव्हतं. चौदा पानं बाजूला ठेवली.

आता एकच पान आहे. दीपगृहाचा दिवा तीन रात्री विझलेला आहे. दीपपाल बेपत्ता आहे. बंदरात तीन गट: मच्छीमारांना रात्री घरी परतायला दिवा हवाय, बंदर खात्याला आपली अब्रू वाचवायची आहे, आणि एका जहाजमालकाला प्रतिस्पर्ध्याचं जहाज खडकावर गेलेलं हवंय. दिवा विझवतोय दीपपालाचा मदतनीस, जहाजमालकाचे पैसे घेऊन.

पानाच्या उजव्या बाजूला ‘कुणीच काही केलं नाही तर’ असा रकाना. पहिल्या रात्री जहाज खडकावर आपटतं. दुसऱ्या रात्री बंदर बंद होतं. तिसऱ्या रात्री जहाजमालक दीपगृहाचा ताबा मागतो. हा रकाना खेळाडूंना दाखवायचा नसतो. तो आपल्यासाठी, म्हणजे कुणी काहीही केलं किंवा काहीच केलं नाही तरी पुढे काय घडणार हे आपल्याला ठाऊक असतं. खेळाडूंनी हात घातला की रकान्यातली ओळ खोडायची.

वेळ: ९ तास, त्यातले ७ वाया.

११ फेब्रुवारी

पात्रांची माहिती मागवण्यासाठी मी चौदा प्रश्नांचा फॉर्म केला. नाव नोंदवलेल्या २६ जणांना पाठवला. चार दिवसांत सात उत्तरं. मग फॉर्म बंद केला आणि प्रत्येकाला थेट दोनच प्रश्न विचारले: तुझ्या पात्राला आत्ता काय हवंय, आणि ते कशाला भितं? दोन दिवसांत २१ उत्तरं आली, काही तर पानभर.

यातून जे हाती लागलं ते माझ्या इतिहासाच्या चौदा पानांत नव्हतं. एका वैदूचा भाऊ समुद्रावर गेलाय. एका चोरट्या व्यापाऱ्याला दिवा विझलेलाच बरा आहे. एकीला उंचीची भीती वाटते. आणि एक घड्याळजी आहे. हे पात्र खेळणारा आमच्यातला सगळ्यात कमी बोलणारा सदस्य, त्याने एवढंच लिहिलं: ‘कुणीतरी त्याला त्याच्या कामातलं काही विचारावं.’

ही ओळ वाचून मी दीपगृहांबद्दल पुन्हा वाचायला लागले. जुन्या दीपगृहांत भिंग फिरवायला घड्याळासारखीच यंत्रणा असायची. साखळीला टांगलेलं जड वजन हळूहळू खाली यायचं, त्याच्या ओढीने भिंग फिरायचं, आणि दीपपाल दर काही तासांनी किल्ली फिरवून वजन पुन्हा वर चढवायचा. १८२३ साली फ्रान्समधल्या कोर्दुआं दीपगृहात फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेलचं भिंग पहिल्यांदा लागलं. त्यानंतर अशी काचेच्या लोलकांची भिंगं जगभर गेली. आमच्या बंदरातलं दीपगृह याच घडणीचं करायचं ठरवलं.

आणि मुख्य दुवा तिथेच सापडला. दिवा विझलेला आहे, पण यंत्र फिरतंय. खालच्या वस्तीत घरघर ऐकू येते, म्हणून सगळ्यांना वाटतं की वर माणूस आहे, आणि कुणी वर चढून पाहतच नाही. वर गेलेल्याला वजन जवळजवळ वरच्या टोकाला दिसेल. दीपपाल तीन दिवसांपूर्वी गेला असेल तर ते आज वर कसं? किल्ली दुसऱ्या कुणाकडे आहे? हे सगळ्यात आधी घड्याळजीला कळावं अशी माझी इच्छा आहे. पण त्यालाच कळलं पाहिजे असं बंधन घालायचं नाही.

वेळ: ५ तास.

१४ फेब्रुवारी

आज सगळ्यांशी मर्यादांबद्दल बोललो. दोन याद्या: कोणत्या गोष्टी प्रसंगात मुळीच नकोत, आणि कोणत्या घडल्या तरी पडद्याआड राहाव्यात. नावं न लावता उत्तरं द्यायची सोय ठेवली. टेबलाभोवती खेळणारे लोक फुलीचं कार्ड ठेवतात. ते उचललं की प्रसंग थांबतो, कारण विचारायचं नाही. आम्ही त्याऐवजी ‘लाल’ हा शब्द ठरवला, चालू खोलीत, म्हणजे त्या जागेच्या डिस्कॉर्ड चॅनेलमध्ये, लिहा किंवा सूत्रधाराला खाजगीत पाठवा.

एक उत्तर आलं: लहान मूल बुडाल्याचं वर्णन नको. माझ्या पानावर पहिल्या रात्रीच्या अपघातात तेच होतं. मूल काढून टाकलं, जहाजावर साठ प्रवासी ठेवले. कथेचं काही बिघडलं नाही. हे आधी विचारलं नसतं तर एका माणसाला त्या रात्री काय वाटलं असतं, हा विचार दिवसभर मनातून गेला नाही.

वेळ: ३ तास.

२३ फेब्रुवारी

तालीम. रहस्य फुटू नये म्हणून गटाबाहेरचे सहा जण बोलावले. तीन गोष्टी फसल्या.

पहिली, सुरुवातीचं निवेदन. डिस्कॉर्डच्या एका मेसेजमध्ये २००० अक्षरं मावतात आणि मी ती जवळजवळ सगळी वापरली होती. सुरुवात अशी होती: ‘सांजेच्या राखाडी सावल्या बंदरावर उतरत होत्या आणि लाटांच्या अखंड घोषात जणू शतकांचे निःश्वास मिसळले होते…’ मेसेज टाकला आणि चार मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. मग एकाने पात्राबाहेर येऊन विचारलं, ‘आता आम्ही काय करायचं?’ तिथेच थांबवून नवीन लिहिलं:

‘रात्रीचा पहिला प्रहर. दीपगृह अंधारात आहे, पण वर यंत्राची घरघर चालू आहे. खडकांच्या बाजूने जहाजाची घंटा ऐकू येतेय. धक्क्यावर एकच होडी, तिच्यात चार जण मावतात. कोण बसतंय?’

पहिलं उत्तर मिनिटाच्या आत आलं, आणि सहाच्या सहा जणांनी लिहिलं, कारण चारच जागा होत्या. तेव्हापासून आमच्या प्रत्येक निवेदनाचा शेवट कशाच्या तरी निवडीवर होतो. जागा कमी, वेळ कमी, किल्ली एक. टंचाई असली की लोक बोलायला लागतात.

दुसरी, गती. सहा जणांच्या खोलीत सगळ्यांचं एकेकदा लिहून व्हायला २४ मिनिटं लागली. माणूस वाचतो, विचार करतो, लिहितो, तोवर दुसऱ्याचं लिखाण येतं आणि याचं खोडावं लागतं. तीन तासांत अशा सातच फेऱ्या होतील. सगळ्यांना एका मोठ्या खोलीत आणायचा बेत तिथेच सोडला. खोलीत जास्तीत जास्त पाच.

तिसरी, पुरावे. यंत्राच्या वजनाचा उल्लेख मी एकदाच केला होता, वातावरणाच्या वर्णनात. सहाही जणांनी तो वातावरण म्हणूनच वाचला. रोलप्ले रचणाऱ्यांमध्ये एक चांगला नियम आहे: जे खेळाडूंना कळायलाच हवं त्याच्याकडे जाणारे किमान तीन पुरावे ठेवा. एक नजरेतून सुटतो, दुसऱ्याचा अर्थ वेगळा लावला जातो, तिसरा लागू पडतो. आता किल्लीकडे नेणारे तीन आहेत: वजनाची जागा, कातरीने सरळ कापलेली वात, आणि मदतनीसाच्या तळहाताला लागलेलं साखळीचं वंगण. तिन्ही वेगवेगळ्या खोल्यांत.

वेळ: ११ तास, पुनर्लेखन धरून.

८ मार्च

आजचा दिवस निस्तरण्यात गेला. दीपगृहाच्या तळघराचा चॅनेल मी गुपित ठेवला होता, त्यात मदतनीसाला आलेलं पत्र पिन केलेलं. ‘खेळाडू’ रोलला तो चॅनेल दिसू नये असं लावलं (रोल म्हणजे डिस्कॉर्डमध्ये सदस्याला दिलेला शिक्का, त्यावरून कुणाला काय दिसतं ते ठरतं). पण त्याच विभागात ‘जुने सदस्य’ या रोलला बघायची परवानगी आधीपासून होती, आणि ज्यांच्याकडे दोन्ही रोल आहेत त्यांच्या बाबतीत एका रोलचा नकार आणि दुसऱ्याचा होकार आला तर डिस्कॉर्ड होकार धरतं. मी अॅडमिन असल्याने मला सगळंच दिसतं, म्हणून चूक लक्षातच आली नाही. दोन दिवस पत्र उघड्यावर होतं.

दोघांनी आपण होऊन सांगितलं की आम्ही वाचलं. त्यांचे मनापासून आभार. पण आता पत्र निकामी झालं होतं. मग पत्र लिहिणारा बदलला. आधी जहाजमालकाची सही होती, आता सही नाही, फक्त मोहर आहे, आणि ती मोहर बंदर खात्यातून चोरीला गेलेली आहे. ज्यांनी पत्र वाचलं होतं त्यांनाही आता शोधायला काहीतरी उरलं. कथा यामुळे थोडी सुधारलीच, तरी हे काम असं व्हायला नको होतं.

उपाय सोपा आहे. सर्व्हरच्या रोल सेटिंगमध्ये ‘रोल म्हणून सर्व्हर पाहा’ अशी सोय आहे. प्रत्येक रोल आणि रोलच्या जोड्या लावून एकदा सगळ्या खोल्यांतून फिरून यायचं. अर्धा तास लागतो. तो मी आधी दिला असता तर आजचे तास वाचले असते.

वेळ: ६ तास.

१० मार्च

वेळेचा घोळ. गेल्या आठवड्यात घोषणेत मी चार प्रदेशांच्या वेळा हाताने लिहिल्या होत्या. आज अमेरिकेतल्या एकीने विचारलं, ‘एक की दोन?’ अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधल्या तीन आठवड्यांत दोन्हीकडचं नेहमीचं अंतर चालत नाही, आणि आमच्या तिन्ही रात्री नेमक्या त्याच तीन आठवड्यांत आहेत. माझ्या तक्त्याप्रमाणे तिच्याकडची मंडळी तासभर आधी येऊन बसली असती.

तक्ता काढून टाकला. डिस्कॉर्डचा टाइमस्टॅम्प लावला, तो ज्याला त्याला आपापल्या घड्याळाप्रमाणे दिसतो. वेळ पुन्हा कधीच हाताने लिहिणार नाही.

वेळ: २ तास.

१२ मार्च

बंदराधिकारी हे पात्र दुसरा सूत्रधार खेळणार आहे. त्याचं म्हणणं होतं की हा माणूस तिसऱ्या रात्रीपर्यंत लागणार आहे, म्हणून त्याला कुणी मारू शकणार नाही असं जाहीर करू. मला ते पटेना. १९९७ साली, ८ ऑगस्टला, अल्टिमा ऑनलाइन या इंटरनेटवरच्या खेळाच्या चाचणीत निर्माते रिचर्ड गॅरियट स्वतः लॉर्ड ब्रिटिश राजा बनून खेळाडूंसमोर उभे होते. पात्राला अभय देणारी सोय त्या वेळी चालू नव्हती. एका खेळाडूने आगीचा मंत्र टाकला आणि राजा मेला. आज इतक्या वर्षांनी त्या चाचणीतली लोकांना आठवते ती हीच गोष्ट.

आम्ही असं ठरवलं: जे पात्र खेळाडूंच्या समोर येईल ते मरू शकतं, पकडलं जाऊ शकतं, फितूर होऊ शकतं. प्रत्येकाच्या नावापुढे ‘हा गेला तर’ अशी एक ओळ. बंदराधिकाऱ्यापुढे लिहिलं, ‘त्याची कारकून खुर्चीवर बसते, आणि तिला मोहर चोरीला गेल्याचं माहीत आहे.’

वेळ: २ तास.

१५ मार्च, पहिली रात्र

नोंद ताजी असतानाच लिहिते आहे.

२६ पैकी १९ आले. चार खोल्या, तीन सूत्रधार. इथेच पहिली चूक: तिसऱ्या सूत्रधाराकडे दोन खोल्या आल्या आणि सराईच्या, म्हणजे प्रवाशांच्या मुक्कामाच्या, खोलीतले चार जण वीस मिनिटं उत्तराची वाट पाहत बसले. सूत्रधार जितके तितक्याच खोल्या असायला हव्या होत्या, किंवा एका खोलीला आपापसात बोलायला पुरेसं काही द्यायला हवं होतं.

दुसरं, आणि याचा मला अंदाजच नव्हता. दीपगृहात गेलेल्या पाच जणांनी पन्नास मिनिटांत दिवा लावला. वात कापलेली आहे म्हटल्यावर एकीने शिडाचं कापड फाडलं, पीळ घातला, तेलात बुडवलं आणि लावलं. उंचीला भिणारी तीच. वर चढताना तिने लिहिलेल्या चार ओळी गटात सगळ्यांच्या तोंडी आहेत. माझ्या रकान्यातल्या तिन्ही रात्री दिवा विझलेला राहण्यावर उभ्या होत्या.

दहा मिनिटांची विश्रांती जाहीर केली आणि आम्ही तिघं व्हॉइसवर बोललो. मी म्हणाले, दिवा लागला, तर त्याच उजेडाने जहाजमालकाच्या माणसांना वाट सापडू दे आणि ते दीपगृहावर चालून येऊ देत. दुसरा सूत्रधार म्हणाला, ‘त्यांनी जिंकलंय. ते त्यांच्या हातून काढून घेऊ नकोस.’ तो बरोबर होता. आज दिवा लावल्याची शिक्षा मिळाली तर पुढच्या प्रसंगात कुणी काही लावायला जाणार नाही.

मग जहाज सुखरूप आलं. साठ प्रवासी धक्क्यावर उतरले. त्यांना आसरा हवा, पांघरूण हवं, त्यातले काही आजारी. वैदूचा भाऊही त्यात निघाला. सराईतल्या चौघांकडे एकदम इतकं काम आलं की त्यांना माझी गरजच उरली नाही. रकान्यातल्या दोन ओळी खोडल्या आणि नवीन लिहिलं: जहाजमालकाचा बेत फसलाय, आता तो मदतनीसाला गप्प करू पाहणार.

वेळ: ५ तास.

१७ मार्च

काल रात्री घड्याळजीच्या खेळाडूचा मेसेज आला. त्याने तक्रार केली नाही, फक्त विचारलं की पुढच्या रात्री तो आला नाही तर चालेल का. दीपगृहाच्या खोलीचं लिखाण पुन्हा वाचलं. तीन तासांत त्याचे तीन मेसेज. दुसऱ्यात लिहिलं होतं, ‘वजन वर कसं?’

मुख्य दुवा त्याला कळला होता. त्याच मिनिटात दोन भरभर लिहिणाऱ्या सदस्यांचे पाच मेसेज आले आणि त्याचे ते तीन शब्द वर निघून गेले. सूत्रधार मी होते, मलाही दिसले नाहीत. शिडाचं कापड कसं पेटतंय ते लिहिण्यात मी गुंतले होते.

त्याची माफी मागितली. मग नियम केला: एकदा लिहिलं की त्या खोलीतल्या आणखी दोघांचं लिहून होईपर्यंत थांबायचं. भरभर लिहिणाऱ्या दोघांशी मी वेगळं बोलले, दोघांनीही मोकळेपणाने ऐकलं. स्लोमोडचाही, म्हणजे दोन मेसेजमध्ये ठरावीक वेळ थांबायला लावणाऱ्या सेटिंगचाही, विचार केला होता, पण तो सगळ्यांना सारखाच अडवतो, सावकाश लिहिणाऱ्याला त्याने फायदा होत नाही. सूत्रधारांसाठीही एक नियम: प्रत्येक निवेदनाआधी मागचं सगळं वाचायचं, आणि ज्याच्या लिखाणाला अजून कुणी उत्तर दिलं नाही त्याच्यापासून सुरुवात करायची.

न आलेल्या सात जणांसाठी ‘बंदरातल्या बातम्या’ लिहिल्या, पात्रांच्या नावांसह, दोनशे शब्दांत. आधी आठशे झाल्या होत्या, त्या कुणी वाचल्या नसत्या.

वेळ: ६ तास.

२२ मार्च, दुसरी रात्र

२१ जण. तीन खोल्या, तीन सूत्रधार. एकेका खोलीत सात झाले, पण थांबण्याच्या नियमामुळे निभावलं.

घड्याळजी आला. मी पहिलं निवेदन त्याच्यावर आणून थांबवलं: ‘यंत्राची घरघर आज वेगळी येतेय. घड्याळजी, तुझ्या कानाला काय लागतंय?’ सहा मिनिटं काहीच आलं नाही. सगळे थांबले होते. मग परिच्छेद आला, साखळीच्या कड्यांवर ताजे ओरखडे कुठे आहेत, किल्ली डावखुऱ्या हाताने कशी फिरवली आहे, आणि शेवटी, ‘हे ज्याने केलं त्याला यंत्राची माया नाही.’ डावखुरेपणा माझ्या पानावर नव्हताच. मदतनीस त्या क्षणापासून डावखुरा झाला.

तासाभराने अडचण आली. सराईतल्या एका पात्राने ‘डावखुरा माणूस शोधा’ म्हणून आरडाओरडा केला. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. खेळाडूने दीपगृहाचा चॅनेल वाचला होता आणि पात्राच्या तोंडी घातलं. दीपगृहातले चिडले. खोल्या एकमेकांपासून लपवाव्यात असं तिसऱ्या सूत्रधाराने सुचवलं. मला नको वाटलं, कारण एकमेकांचं वाचण्यात अर्धी मजा असते. त्याऐवजी निरोप्या हे काम काढलं: एका जागेची गोष्ट दुसऱ्या जागी कळायची तर कुणीतरी ती पायी घेऊन गेलं पाहिजे. उशिरा येणाऱ्यांना आम्ही तेच काम दिलं. त्यांना आल्या आल्या सांगण्यासारखं काहीतरी हातात मिळालं. आधी उशिरा आलेला माणूस कोपऱ्यात उभा राहून ‘काय चाललंय?’ विचारायचा.

वेळ: ५ तास.

२९ मार्च, तिसरी रात्र

मदतनीस पकडला गेला. जहाजमालकाच्या माणसांआधी मच्छीमार पोचले. मी खटल्याची तयारी केली नव्हती. खेळाडूंनीच सराईत न्यायसभा भरवली, बंदराधिकाऱ्याला साक्षीदाराच्या जागी बसवलं आणि मोहर कशी हरवली ते विचारलं. तासभर मी फक्त दोन ओळी लिहिल्या. मदतनीसाला हाकलायचं की कामाला ठेवायचं यावर सभा दुभंगली आणि शेवटी मतं मोजली: अकरा विरुद्ध आठ, ठेवायचं. पण किल्ली त्याच्याकडे नाही.

मग किल्ली कुणाकडे? माझ्याकडे नव्या दीपपालाचं पात्र तयार होतं, नाव, स्वभाव, सगळं. ते वापरलं नाही, कारण चोरट्या व्यापाऱ्याने उठून घड्याळजीकडे बोट दाखवलं. घड्याळजीने लिहिलं, ‘मला विचारलंत, म्हणून हो.’

लिखाण मोजलं. ५०६ मेसेज, त्यातले ७१ आमचे.

वेळ: ४ तास. एकूण माझे ६२.

६ एप्रिल

जे जमलं नाही ते लिहून ठेवते. नाव नोंदवून एकदाही न आलेल्या तिघांना आम्ही विचारलं नाही, आता विचारतोय. बेपत्ता दीपपालाचं काय झालं हे कुणी शोधलंच नाही, कारण तिथे नेणारा पुरावा मी एकच ठेवला होता. आणि तीन शनिवार लागोपाठ जड जातात, तिसऱ्या रात्री दोघं मध्येच उठून गेले. पुढच्या वेळी मध्ये एक शनिवार मोकळा.

दीपगृहाचा चॅनेल बंद करायचा होता. केला नाही. प्रसंग संपल्यापासून तिथे रोज संध्याकाळी कुणीतरी एक ओळ लिहून जातं: वजन वर चढवलं. बहुतेक घड्याळजीच असतो. काल तो नव्हता. रात्री उशिरापर्यंत चॅनेल रिकामा होता, मग चोरट्या व्यापाऱ्याच्या नावाने ओळ आली, ज्याला अंधार हवा होता त्याच्या: ‘जिना फार आहे. वजन वर चढवलं. वातही पुसली.’